यॉर्की घ्यायचाय? मग आधी सासूबाईंना विचारा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल काय चाललंय. पुण्यात टू बीएचके, तुम्ही दोघं नोकरीला आणि आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची, घरी सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात. मुलगा वर्षभर कुत्रा कुत्रा करतोय. तुम्ही यॉर्कशायर टेरियर पसंत केलाय कारण तो लहान असतो, केस गळत नाहीत, फ्लॅटमध्ये मावतो, आणि एका माणसाने 'टीकप यॉर्की देतो' म्हणून हातात मावणाऱ्या पिल्लाचा फोटो पाठवलाय. तर घ्यावा का?

आत्ता नका घेऊ. मुलगी सात-आठची झाली की परत विचार करा, आणि तेव्हाही टीकपवाल्याकडून नाही. पण नुसतं नको म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला विचाराल, तो हो म्हणेल, आणि दोन महिन्यांनी पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये बसलेल्या असाल. म्हणून कारणं नीट सांगते. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडून मला २२ वर्षं झाली, त्यातली बहुतेक पुण्यातच छोट्या प्राण्यांच्या प्रॅक्टिसमध्ये गेली, आणि या एका जातीबद्दल लोकांचा जेवढा गैरसमज बघितला तेवढा लॅब्राडॉरबद्दलही नाही बघितला.

लोकांना वाटतं छोटा कुत्रा म्हणजे छोट्या मुलांसाठी. नेमकं उलटं आहे. लॅब्राडॉरच्या अंगावर चार वर्षांची मुलगी पडली तर तो उठून दुसरीकडे जाऊन बसतो. यॉर्कीच्या अंगावर पडली तर हाड मोडतं. पूर्ण वाढलेला यॉर्की ३.२ किलोच्या आत असावा असं ब्रीडचं स्टँडर्डच सांगतं, आणि आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू जेमतेम किलोभर, कधी त्याहूनही कमी. त्याच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीपेक्षा बारीक असतं. मनगटाच्या जरा वर हे हाड मोडतं, बहुतेक वेळा सोफ्यावरून उडी मारल्यामुळे किंवा कुणाच्या तरी हातातून निसटल्यामुळे, आणि त्या जागी मांस कमी, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे नुसत्या प्लास्टरने टॉय म्हणजे अगदी छोट्या जातीच्या कुत्र्यात ते बऱ्याचदा जुळत नाही, प्लेट बसवावी लागते. सहा महिन्यांचा एक यॉर्की माझ्याकडे आला होता, चिकू नाव, पाच वर्षांच्या मुलीने टीव्ही बघताना मांडीवर घेतला होता, दाराची बेल वाजली, ती उठली. एवढंच झालं होतं. ती ना खेळत होती ना त्रास देत होती, बेल वाजली म्हणून उठली. ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण ती पोरगी पुढे कित्येक महिने त्याला हात लावायला घाबरायची हे तिच्या आईने सांगितलं तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

यॉर्कीला घरात सगळ्यात जास्त धोका असतो तो प्रेमाचा. दिसायलाच असा की प्रत्येकाला उचलावंसं वाटतं. येणारा पाहुणा उचलतो, शेजारची मुलं उचलतात, आणि त्याला उचलून घेतलेलं आवडतंच असं नाही. आधी तो मान वळवतो, मग ओठ चाटतो, मग गुरगुरतो, आपण 'अगंबाई किती गोड गुरगुरतोय' म्हणून हसतो आणि व्हिडिओ काढतो, आणि मग तो चावतो. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा त्याच्या तोंडासमोरच असतो. जर्मन शेफर्ड गुरगुरला तर सगळं घर थांबतं, पण हा गुरगुरला की टाळ्या पडतात, म्हणून छोटे कुत्रे जास्त चिडके होतात असं माझं मत आहे, त्यात जातीचा दोष अर्धा आणि घराचा अर्धा.

आता जातीचा अर्धा. नावात टेरियर आहे, म्हणजे उंदीर-घुशींची शिकार करायला पाळलेला कुत्रा, हे कुणी वाचतच नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर कामासाठी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापड गिरण्यांकडे आले, येताना आपली छोटी टेरियर कुत्री घेऊन आले, आणि गिरण्यांमधले उंदीर मारायला ही कुत्री वापरली जायची. त्यातूनच ही जात घडली. तेव्हाचे यॉर्की आजच्यापेक्षा थोराड होते. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन नावाचा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानतात, आणि तो शोमध्ये बक्षिसं घेता घेता उंदीर मारायच्या शर्यतीही जिंकायचा. रिबीन बांधून मांडीवर बसवायचं पुढे सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका अमेरिकन सैनिकाकडे स्मोकी नावाची यॉर्की आली होती, वजन दोन किलोच्या आसपास, पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या ८ इंची पाइपातून टेलिफोनची तार ओढत ती ७० फूट पलीकडे गेली. हे कौतुक म्हणून सांगत नाहीये, हो कौतुकही आहेच, पण मुद्दा असा की या कुत्र्याच्या डोक्याला काम लागतं. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये ठेवला तर तो स्वतःच काम शोधतो, आणि फ्लॅटमध्ये एकच काम मिळतं, लिफ्टचा आवाज आला की भुंकायचं. मूर्ती लहान आणि डरकाळी महान. सोसायटीचं म्हणाल तर कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना तशा स्पष्ट आहेत, जनरल बॉडीने बहुमताने ठराव केला तरी नाही. पण बंदी नसली तरी भिंतीपलीकडे ज्यांना दुपारी झोपायचंय त्यांच्याशी रोज जिन्यात गाठ पडतेच.

आणि उंदराची खोड जात नाही. पुण्या-मुंबईत पावसाळ्यात लेप्टो असतो, तो उंदराच्या लघवीतून पसरतो, कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. यॉर्की पार्किंगमध्ये सुटला की थेट कचऱ्याच्या डब्यामागे. त्यामुळे दरवर्षीच्या लसीत लेप्टो असलाच पाहिजे, आणि हो, एवढ्या छोट्या कुत्र्याला सगळ्या लशी एकाच दिवशी देऊ नका असं मी सांगते, रेबीजची वेगळ्या दिवशी घ्या आणि लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, कारण अंगावर रिअॅक्शन यायचं प्रमाण लहान कुत्र्यांमध्ये जास्त दिसतं.

टीकपबद्दल आता जरा चिडून बोलणार आहे, माफ करा. टीकप अशी जातच नाही. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याही केनेल क्लबच्या पुस्तकात नाही. तो विकणाऱ्याने काढलेला शब्द आहे. छोटं पिल्लू तीन कारणांनी छोटं असतं: एका वेतातल्या पिल्लांमधलं सगळ्यात अशक्त असतं, किंवा त्याला पोटभर मिळत नाही, किंवा त्याचं वय खोटं सांगितलेलं असतं. पाच आठवड्यांचं पिल्लू नऊ आठवड्यांचं म्हणून विकलं की आपोआप टीकप होतं. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरचं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे रजिस्ट्रेशन लागतं. ते मागा. आणि त्याहून महत्त्वाचं, पिल्लाची आई बघायची म्हणा, ती राहते त्या जागी जाऊन. 'आई गावाला आहे', 'हायवेला भेटू, गाडीतून आणून देतो', असं ऐकलं की फोन ठेवून द्या. तुम्हाला आलेल्या फोटोत पिल्लू कपाशेजारी बसवलंय म्हणता, त्याचे दात दिसतायत का, कान उभे राहिलेत का, चालतानाचा व्हिडिओ आहे का, खरं वय त्यावरून कळतं, हे विचारून बघा काय उत्तर येतं.

कारण अशा पिल्लाची साखर झपकन उतरते. चार-पाच तास पोटात काही नाही, त्यात प्रवासाची भीती, थंडी, की पिल्लू एकदम गळून जातं, झोकांड्या खातं, कधी फिट येते. तेव्हा हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळायचं, घशात ओतायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं, आणि तसंच उचलून दवाखाना गाठायचा. म्हणजे पहिले दोन-तीन महिने दर तीन-चार तासांनी खायला घालणारं माणूस घरात पाहिजे. ताई, तीन दिवस ऑफिस. मग कोण? सासूबाई.

मुलासाठी आणताय, पण हा कुत्रा सासूबाईंचा होणार आहे. दुपारी बारा वाजता, तीन वाजता, त्याने हॉलमध्ये शी केली तेव्हा, बेल वाजल्यावर तो दारातून सटकला तेव्हा, घरात त्या एकट्या असणार. आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांना काय वाटतं याबद्दल एक शब्द नाही. यॉर्कीला शी-शूची सवय लागायला वेळ लागतो, वर्ष घेतलेले पण बघितलेत, ब्लॅडर लहान आणि स्वभाव हट्टी, आणि लघवी एवढीशी असते की कोपऱ्यात केलेली दोन दिवस कळतच नाही, तो कोपरा देवघराजवळचा निघाला की मग घरात जे काय होतं ते मी सांगायला नको. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तो पायात येतो. सावलीसारखा मागेमागे फिरणारा तीन किलोचा कुत्रा आणि ६८ वर्षांचे दुखरे गुडघे, त्यात रात्री बाथरूमला उठल्यावर अंधार. मी माझ्या सगळ्या म्हाताऱ्या क्लायंटना यॉर्कीच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, घुंगरू बांधायला सांगते, म्हणजे कुठे आहे ते ऐकू येतं. त्यांच्या खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा घुंगराचा आवाज परवडला.

गोळ्यांचंही तेच. गुडघ्याची गोळी डब्यातून घरंगळली, लहान कुत्रा पटकन तोंडात घेतो. माणसाची दुखण्याची गोळी माणसाच्या वजनाला बनवलेली असते. साधी ५०० ची पॅरासिटामॉल अडीच किलोच्या जिवाला गेली तर किलोमागे २०० मिलिग्रॅम झाली, लिव्हर बिघडायला तेवढी पुरते, आणि सांधेदुखीच्या बाकी गोळ्या तर पोटात अल्सर आणि किडनीवर, त्याही थोडक्यात. आणि प्रसाद! सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, काजू-बेदाण्याचे लाडू. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष आहे, कुणाला किती बाधेल याचा नेम नाही, म्हणून एकही नाही. कांदेपोह्यातला कांदासुद्धा नाही. हे मुलांना शिकवता येतं, आजींना शिकवणं अवघड जातं कारण त्या म्हणतात आमच्या गावच्या कुत्र्याने सगळं खाल्लं, काही झालं नाही. गावचा कुत्रा पंधरा किलोचा होता हो.

खाण्याचा हिशोबही एकदा बघा. तीन किलोच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या वर जाते. म्हणजे 'अर्धीच पोळी दिली' म्हणजे त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाव हिस्सा झाला. चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे एक पोळी. घरातल्या पाच जणांनी प्रेमाने एकेक बिस्किट दिलं की त्याचं निम्मं जेवण बिस्किटातच गेलं, मग तो डॉग फूड खात नाही, मग आपण म्हणतो नखरे करतो. पुढे वजन वाढतं, आणि स्वादुपिंडाला (पॅन्क्रियाजला) सूज येणं या जातीत बरंच दिसतं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात तर हमखास एखादा उलट्या करत येतोच.

केसांचं खरं आहे, गळत फारसे नाहीत. खाली दाट लोकर नसते, वरचा एकच थर, आपल्या केसांसारखा वाढत राहणारा. पण म्हणून अॅलर्जी होत नाही हे खोटं, अॅलर्जी कुत्र्याच्या लाळेने आणि कातडीच्या कोंड्याने होते आणि ती यॉर्कीला पण असते. मुलाला दम्याचा वगैरे त्रास असेल तर आधी कुणाच्या तरी यॉर्कीसोबत दोन-तीन वेळा तासभर बसवून बघा. आणि न गळणारे केस गुंततात. रोज विंचरायचे, महिना-दीड महिन्याने कापून आणायचे, डोळ्यावरचे आणि शेपटीखालचे त्याआधीच. फोटोतले जमिनीपर्यंत लोळणारे रेशमी केस शोमधल्या कुत्र्यांचे असतात, ते एरवी कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये बांधून ठेवतात. घरच्यासाठी पपी कट, म्हणजे सगळीकडे बारीक कापलेले केस, विषय संपला. पिल्लू काळं-तांबूस असतं आणि मोठं होताना निळसर राखाडी होतं, त्यामुळे रंग बदलला म्हणून फसवलं असं समजू नका, यासाठी पण मला फोन आलेत.

आजारपणं सगळी सांगत बसत नाही, पण तीन-चार अशी आहेत की घरच्यांना ओळखता आली पाहिजेत. चालता चालता मधेच मागचा पाय उचलून लंगडी घालतो आणि चार पावलांनी परत नीट चालतो, ही गुडघ्याची वाटी सरकते. बदकासारखा हॉन्क हॉन्क खोकला येतो, लोक म्हणतात घशात हाड अडकलं, ते बहुतेकदा श्वासनळी चपटी होत असते, म्हणून या कुत्र्याला गळ्यात पट्टा लावून ओढायचं नाही, कायम हार्नेस. पिल्लू वाढत नाही, जेवल्यावर सुन्न बसतं, भिंतीला डोकं टेकवतं, तर लिव्हरला बायपास करणारी रक्तवाहिनी जन्मतः असू शकते, रक्ताची तपासणी करून बघावी लागते. आणि दात. सात महिने झाले तरी दुधाचे दात पडत नाहीत, सुळ्यांची दुहेरी रांग दिसते, ते काढावे लागतात, आणि पुढे आयुष्यभर ब्रश, रोज. ब्रश न केलेल्या यॉर्कीच्या तोंडात सहाव्या-सातव्या वर्षी निम्मे दात हलत असतात, असं मी सर्रास बघते. खर्च कुत्र्याच्या साइजवर ठरत नाही, भूल तीच, प्लेट तीच, उलट बारीक असल्याने कौशल्य जास्त लागतं.

एवढं सगळं ऐकून वाटेल मला ही जात आवडत नाही. खूप आवडते. माझ्या सगळ्यात जुन्या पेशंटांपैकी एक यॉर्की होता, रिटायर्ड नवरा-बायकोचा, १४ वर्षं जगला. घरात सगळीकडे सतरंज्या, सोफ्याला दोन पायऱ्यांचं स्टूल, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बागेत, काका पेपर वाचताना मांडीवर, आणि काकूंनी त्याला तीस-एक शब्द शिकवले होते, 'चष्मा आण' म्हटलं की चष्मा आणायचा. अशा घरासाठी यॉर्कीसारखा दुसरा कुत्रा नाही. माणसाला चिकटून असतो, हुशार असतो, थोडक्या जागेत त्याचा व्यायाम होतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढची शांत मुलं असलेल्या घरातही छान राहतो. तुमचा मोठा एकटा असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण एक हिशोब त्याच्यासमोरही मांडा: हे कुत्रे १२ ते १५ वर्षं जगतात. मुलगा बारावी होऊन बाहेरगावी जाईल तेव्हा कुत्रा नऊचा असेल, दातांच्या आणि खोकल्याच्या वयात आलेला, आणि तेव्हा तो तुमच्याकडे असेल.

मुलाला आत्ताच हवा असेल आणि थांबवतच नसेल तर शेल्टरमधला दोन-तीन वर्षांचा देशी कुत्रा बघा, दहा-बारा किलोच्या पुढचा, ज्याचा स्वभाव तिथल्या लोकांना माहीत आहे आणि जो लहान मुलांसोबत राहिलेला आहे. पिल्लापेक्षा मोठा कुत्रा सोपा, हे कुणी ऐकत नाही पण मी सांगत राहते. त्याला आपलं हवामान झेपतं, ग्रूमरची गरज नाही, आणि मुलगी अंगावर पडली तर उठून बाजूला होईल. यॉर्कीच हवा असेल तर मोठा झालेला, घर बदलायला निघालेला यॉर्कीही कधीकधी मिळतो, लोक परदेशी जातात, बाळ होतं, तेव्हा माझ्यासारख्यांकडे विचारणा येते, तुमच्या जवळच्या डॉक्टरकडे नाव सांगून ठेवा.

आणि तरीही दोन्ही बाजूंनी मन होत असेल तर मी सगळ्यांना सांगते तो प्रयोग करा. किलोभर तुरीच्या डाळीचं पाकीट घ्या. आठवडाभर ते तुमचं पिल्लू. मुलांना त्याला उचलू द्या, मांडीवर घेऊ द्या, सोफ्यावर ठेवू द्या, जिथे जाल तिथे ते घरात कुणाच्या तरी नजरेसमोर पाहिजे, दर चार तासांनी कुणीतरी त्याच्याकडे जाऊन यायचं, रात्री एकदा उठायचं, तुम्ही ऑफिसला गेलात की सासूबाईंनी. पडलं की फ्रिजवर कागद लावून त्यावर एक रेघ मारायची, कुणाच्या हातून पडलं तेही लिहायचं, रागवायचं नाही. बहुतेक घरांत मंगळवारपर्यंत पाकीट कुठे आहे तेच कुणाला माहीत नसतं. रविवारी सासूबाईंना विचारून रेघा किती झाल्या ते मला कळवा. आणि पाकीट दुहेरी पिशवीत घाला, नाहीतर डाळ वेचत बसाल.